ऑफ सीझनचे आचारी

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर लोकांना सहलीला नेलं, पण स्वतः ते कधी सहलीला गेले नव्हते. सहल कंपनीची मोठी बस त्यांच्या हातात होती. वळणावळणाच्या घाटरस्त्याने माणसं वर न्यायची, तलावाकाठच्या त्या दुमजली लॉजच्या अंगणात उतरवायची, टपावरचं सामान खाली द्यायचं आणि मग आपण मागच्या शेडमध्ये जाऊन जेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. जेवण पाहुण्यांचंच असायचं, त्यात काही कमी नसायचं. पण ते बाकावर बसून, ताट मांडीवर घेऊन, अर्धं लक्ष टायरकडे ठेवून खायचं. शेडमधून आतलं जेवणघर दिसे. लाकडी जमीन, भिंतीत बांधलेली शेकोटी आणि तलावाच्या बाजूच्या खिडकीला लागून दोघांपुरतं एक टेबल. त्या टेबलावर बसलेली माणसं जेवायला फार वेळ लावतात, हे काकांनी हेरून ठेवलं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा थोरल्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय देऊ?" काकांनी जरा आढेवेढे घेतले, मग खिडकीजवळच्या त्या टेबलाचं सांगितलं. मुलगी हसली नाही, तिने लगेच लॉजवर फोन लावून काकांच्या हातात दिला. लॉजच्या मालकीणबाई काकांना आवाजावरून ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, सीझनला यायचं असेल तर ते टेबल मिळायची खात्री नाही, लोक त्याच्यावर रुमाल टाकून ठेवतात. ऑफ सीझनला या. पण आधीच सांगते, तेव्हा बघायला काही नसतं. धुकं असतं, गारठा असतो, अर्ध्या खोल्यांना कुलूप असतं, आचारी गावी गेलेला असतो आणि जेवण मी करते. काका म्हणाले, आम्हाला नेमकं तेच पाहिजे.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बॅग भरतानाच एक गोष्ट स्पष्ट केली. "मी तिथे चहासुद्धा ढवळणार नाही. साखर घालून ढवळून दिला तर पिईन."

"तुला कोण सांगतंय ढवळायला," काका म्हणाले.

"सांगणार कोणी नाही. पण माझा हात आपोआप जातो, म्हणून मीच मला बजावतेय."

गेले ते बसनेच. काकांच्या जागी कंपनीने ठेवलेला नवा ड्रायव्हर चांगला होता, पण काका पहिल्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला उजवा पाय जमिनीत दाबत होते. शेवटी काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाय उचला म्हणून सांगितलं, बस दुसऱ्याची आहे. त्यानंतर काकांनी डोळे मिटून घेतले. बघवत नसेल तर न बघणं बरं.

लॉजच्या अंगणात उतरल्यावर तर गंमतच झाली. काका बॅग उचलून सरळ मागच्या शेडकडे चालू लागले. काकू पायऱ्यांवर उभ्या राहून बघत राहिल्या. ते कोपऱ्यावर दिसेनासे व्हायला आले तेव्हा त्यांनी हाक मारली, "अहो, पाहुणे इकडून आत जातात."

खोली वरच्या मजल्यावर होती. जाड गोधड्या, कोपऱ्यात गरम पाण्याचा थर्मास, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. तलाव त्या पांढऱ्यात कुठेतरी होता. काकूंनी चपला काढल्या, गोधडीत शिरल्या आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. दुपारची झोप त्यांनी किती वर्षांत घेतली नव्हती कोण जाणे. उठल्यावर त्या खाली आल्या, शेकोटीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या, विणकाम काढलं आणि कोणी चहा आणून देईपर्यंत हलल्या नाहीत. आरामात राहायची त्यांना उपजत कला होती, ती दाखवायला आजवर जागा मिळाली नव्हती इतकंच.

काकांचं मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. खिडकीजवळचं टेबल मिळालं, समोर वाफाळतं सूप आलं, मालकीणबाईंनी स्वतः पाव कापून वाढला, आणि काकांना घास गिळवेना. कोणी आपल्याला वाढतंय आणि आपण बसून आहोत, हे त्यांच्या अंगवळणी नव्हतं. जेवण झाल्याबरोबर ते आपली आणि काकूंची ताटली उचलून स्वयंपाकघरात निघाले. मालकीणबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग त्यांनी अंगणातली करकरणारी फाटकाची बिजागरी तेल घालून गप्प केली, गळणारा नळ आवळला, जिन्याचा हलणारा कठडा पक्का केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लॉजमधलं दुरुस्त करण्याजोगं सगळं संपलं आणि काका तोंड पाडून शेकोटीपुढे येऊन बसले.

लॉजवर त्या वेळी त्यांच्याखेरीज दोघेच पाहुणे होते, एक सासरे आणि त्यांचा जावई. सासरे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, जावई विम्याच्या कचेरीत. लग्नाला वर्ष उलटलं तरी दोघांचं एकमेकांशी बोलणं 'कसे आहात' आणि 'ठीक' यापुढे गेलं नव्हतं. म्हणून मुलीने दोघांना एका खोलीत कोंडावं तसं इथे पाठवलं होतं. दोघेही तिच्या शब्दाबाहेर नव्हते, म्हणून आले होते आणि दोन टेबलांवर बसून दोन वर्तमानपत्रं वाचत होते.

त्याच दुपारी मालकीणबाई कोठीतून भोपळा घेऊन येत असताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. भोपळा गडगडत अंगणात गेला आणि बाई उजव्या हातावर पडल्या. काकूंनीच पहिल्यांदा आवाज ऐकला आणि सगळ्यांच्या आधी त्याच बाहेर धावल्या. मनगट बघता बघता सुजलं. काकूंनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, बाईंच्याच ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला, बाईंना शेकोटीजवळ बसवलं. खालच्या गावच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले हात हलवू देऊ नका, घेऊन या. पण घाटात झाड आडवं पडलं होतं. धुकं हटेपर्यंत ते कोणी उचलणार नव्हतं. उद्या, नाहीतर परवा.

बाईंना हातापेक्षा जेवणाची चिंता. चार माणसं आपल्या भरवशावर वर येऊन बसलीत आणि आपण जायबंदी, हे त्यांना सहन होईना. त्या उठायला गेल्या आणि कळ मस्तकात जाऊन खाली बसल्या. तेव्हा मुख्याध्यापक घसा साफ करून म्हणाले, "काळजीचं कारण नाही. वहिनी आहेत ना."

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी विणकाम हातात घेतलं होतं. त्यांनी टाके मोजले, सुई फिरवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी सुट्टीवर आहे."

मुख्याध्यापकांना वाटलं त्या थट्टा करताहेत. काकांना माहीत होतं की ही थट्टा नाही. काकूंची नजर आता त्यांच्यावर येऊन थांबली होती.

"अहो, तुम्हाला आता करायला काही काम उरलेलं नाहीये. उठा."

"मला? अगं, मला पाणी उकळता येत नाही."

"ते येतं. रेडिएटरमध्ये उकळलेलं पाहिलंय तुम्ही. उठा आता, बाईंना भूक लागली असेल."

काका उठले. मालकीणबाई झोळीत हात घेऊन त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. ते स्वयंपाकघर चांगलं प्रशस्त होतं. मधोमध लांब लाकडी टेबल, भिंतीला टांगलेली भांडी, एका बाजूला चार शेगड्यांचा गॅस आणि दुसऱ्या बाजूला भट्टी. काकांनी आधी सगळीकडे एक चक्कर मारली. गॅसची नळी पाहिली, सुऱ्यांची धार अंगठ्यावर घेतली, तेलाचा डबा हलवून बघितला, नळाला पाणी आहे का पाहिलं. बाईंनी विचारलं हे काय चाललंय. काका म्हणाले, निघायच्या आधी गाडी बघून घ्यावी लागते.

भोपळा अंगणातून परत आला होता, थोडा चेपलेला. त्याचं सूप आणि बटाटे-घेवड्याचा रस्सा करायचा असं ठरलं. पाव सकाळचा होता. काकांनी कांदे सोलायला घेतले. त्यांच्या वेगाने ते संपायला संध्याकाळ झाली असती. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले, बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांच्याने राहवेना. त्यांनी बाह्या सारल्या. जावई मागोमाग आला, कारण जेवणघरात एकट्याने बसणं त्याला बरं दिसेना. दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसून कांदे चिरू लागले. थोड्या वेळाने दोघांच्याही डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि जावई सासऱ्यांना सांगत होता की कांदा आधी पाण्यात ठेवला असता तर बरं झालं असतं. एकमेकांशी त्यांचं ते पहिलं लांबलचक वाक्य होतं. सासऱ्यांनी ते लगेच खोडून काढलं आणि मग त्यांची गाडी जी सुटली ती सुटलीच.

काकांची मात्र अडली. तेल तापलं, कांदा पडला आणि त्यांनी विचारलं, "किती वेळ परतू?"

"अंदाजाने," बाई म्हणाल्या.

"बाई, घाटात मी अंदाजाने ब्रेक मारत नव्हतो."

"मग कशाने मारत होता?"

काका थांबले. कोणी असं कधी विचारलं नव्हतं. उताराला लागल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, टायर रस्त्याला धरतात ते कानाला कळतं, ओल्या रस्त्याचा आवाज वेगळा, कोरड्याचा वेगळा. डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला समजलेलं असतं. "आवाजावरून," ते म्हणाले.

"मग ऐका की."

काकांनी मान तिरकी करून कढईकडे कान दिला. सासरे-जावयाला त्यांनी हाताने गप्प केलं. कांदा आधी तडतडत होता, पाण्याचा आवाज येत होता. मग हळूहळू तडतड कमी होऊन बारीक, गोड चुरचुर सुरू झाली. काका म्हणाले, आता बदलला. बाईंनी डोकावून पाहिलं तर कांदा हवा तसा सोनेरी झाला होता. त्यांनी टोमॅटोचा वाडगा डाव्या हाताने पुढे सरकवला.

पुढचं सगळं सरळ झालं असं मात्र नाही. ऐकता ऐकता काकांचं बघायचं राहून गेलं आणि दुसऱ्या शेगडीवरचं दूध उतू गेलं. घेवड्याचे तुकडे काही बोटाएवढे, काही नखाएवढे. भोपळ्याचं सूप घोटताना एक फवारा मुख्याध्यापकांच्या चष्म्यावर बसला. मीठ घालायच्या वेळी तर काकांनी हात आखडला तो सुटेचना. उभ्या आयुष्यात त्यांनी मिठाबद्दल पुष्कळ मतं दिली होती, पण मीठ घातलं कधी नव्हतं. बाईंनी त्यांना रस्सा चाखायला लावला. मग चिमूट टाकायला लावली. पुन्हा चाखायला लावला. चौथ्या खेपेला काकांच्या जिभेला एकदम काहीतरी लागलं. बटाटा बटाट्यासारखा लागू लागला, टोमॅटो टोमॅटोसारखा. त्यांनी पळी खाली ठेवली आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना हात दुखत असतानाही हसू आलं.

जेवणघरात काकूंनी खिडकीजवळचं टेबल धरलं होतं. बाहेर संध्याकाळ उतरत होती, धुक्यात तलावाची एक कड तेवढी दिसू लागली होती. काका दोन्ही हातांत वाडगे घेऊन आले. त्यांच्या शर्टावर सुपाचा नकाशा उमटला होता. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं. चमचा घेतला, सूप प्यायल्या. रस्सा घेतला, पाव मोडून त्यात बुडवला. काका बाजूला उभेच. एरवी बारा गावचं ट्रॅफिक शांतपणे पाहणारा माणूस, पण आता त्यांची चुळबुळ थांबेना. काकू एक एक घास सावकाश खात होत्या आणि मध्येच खिडकीबाहेर बघत होत्या.

"कसं झालंय?" काकांनी शेवटी विचारलं.

"बरं झालंय," काकू म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.

"नुसतं बरं? अगं, दुपारपासून उभा आहे मी. कांदा बघ, एकही जळलेला नाहीये. मीठ चार वेळा बघितलंय."

काकूंनी चमचा खाली ठेवला आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. पदराने डोळे पुसत त्या हसत राहिल्या. काकांना आधी कळेना, मग कळलं. 'बरं झालंय' हे त्यांचेच शब्द. लग्न झाल्यापासून रोज, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलेले. त्यांचा चेहरा उतरला, मग तेही ओशाळं हसले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"चांगलं झालंय हो," काकू म्हणाल्या. "फार चांगलं झालंय. अजून थोडं वाढा."

काका उठले आणि वाढून घेऊन आले, आणि मग स्वतःसाठीही आणलं. त्या खिडकीजवळ बसून ते तेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवले. पलीकडे सासरे-जावई एकाच टेबलावर बसून कांदा उभा चिरावा की आडवा यावर हमरीतुमरीवर आले होते. मालकीणबाई डाव्या हाताने चमचा धरून सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

तिसऱ्या दिवशी झाड हटलं. बाईंना खाली नेलं तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, हाडाला बारीक चीर आहे, सीझन सुरू होईपर्यंत हात कामाचा नाही. बाई म्हणाल्या, मग लॉज बंद करते, दुसरं काय. काका घरी निघायला म्हणून लॉजच्या पायरीवर बसून बूट बांधत होते. ते नाडी बांधायचे थांबले. बोलल्या त्या काकूच. "यांना ठेवून घ्या," त्या बाईंना म्हणाल्या. "घरी माझ्या पायात पायात येतात. निवृत्त झाल्यापासून घरातला एकही स्क्रू सुखाने बसलेला नाही."

"आणि तू?" काकांनी विचारलं.

"मी येत जाईन. पाहुणी म्हणून."

तसंच झालं. काका राहिले. काकू शनिवारी दुपारच्या बसने यायच्या, सोमवारी सकाळी परतायच्या. पुढे त्यांनी आपल्या बहिणीला आणायला सुरुवात केली, मग शेजारणींना. सगळ्याजणी शेकोटीभोवती खुर्च्या ओढून बसायच्या, पाय शेकायच्या आणि कुणीही स्वयंपाकघराकडे फिरकायची नाही. त्या शेजारणींनी घरी जाऊन सांगितलं. मुख्याध्यापकांनी त्यांच्या जुन्या शिक्षकांना सांगितलं. जावयाने कचेरीत सांगितलं. धुक्याचे दिवस सुरू झाले की वर एक काका असतात, ते चारच पदार्थ करतात, तुम्हाला काय पाहिजे असं विचारत नाहीत, आणि कढईपाशी ते कान देऊन उभे असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, अशी वार्ता पसरली.

आता ऑफ सीझनला लॉज बंद होत नाही. मालकीणबाईंचा हात केव्हाच बरा झालाय, पण त्या दिवसांत स्वयंपाकघर काकांचं, असा अलिखित करार आहे. बाई त्या काळात जेवणघरात बसून पाहुण्यांशी गप्पा मारतात. इतकी वर्षं लॉज चालवून लोकांशी बोलायला कधी सवडच झाली नव्हती, असं त्या म्हणतात. सीझनला आचारी परत येतो आणि काका घरी. पहिल्या वर्षी आचाऱ्याने त्यांच्याकडे जरा वाकड्या नजरेने पाहिलं होतं. पण आपल्या सुऱ्या धार लावून, भांडी घासून जागच्या जागी टांगलेली पाहिल्यावर तो निवळला आणि काकांना त्याने भट्टी कशी हाताळायची ते दाखवलं.

घरी मात्र काकांना स्वयंपाकघरात मज्जाव आहे. एक रस्सा करायला हा माणूस घरातली सगळी भांडी काढतो, ही काकूंची तक्रार आहे आणि ती खरी आहे. घरी काकू करतात, काका जेवतात. पण हल्ली ते नुसतं 'बरं' म्हणून सुटत नाहीत. कांदा किती परतला, टोमॅटो केव्हा घातला, घेवडा आज जरा करकरीत राहिलाय तो मुद्दाम का, असं सगळं विचारत बसतात. काकू म्हणतात, पूर्वीचं बरं होतं, निदान जेवण गरम असताना संपायचं.

यंदा वर गेल्यावर काकांनी पाव भाजायला घेतलाय. भट्टीला आवाज नसतो, ती बंद दाराआड गुपचूप काम करते आणि हेच त्यांना मानवत नाही. पहिले दोन पाव दारात अडसर म्हणून वापरण्याजोगे झाले. तिसरा वरून देखणा होता, आतून कच्चा. काकांनी तो फोनवर काकूंना मोठ्या अभिमानाने वर्णन करून सांगितला आणि शनिवारी येतेस ना, म्हणून विचारलं. काकूंनी जरा विचार केला. शेजारणींना विचारते म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की ह्या शनिवारी राहू दे, पुढच्या शनिवारी येतो आम्ही सगळ्या, तोवर तुमचा हात बसू द्या.